तीन लोगो, एकच गाडी

आज जाऊया चेक प्रजासत्ताकातल्या कोलीन गावी. 2005 साली इथल्या एकाच कारखान्यातून तीन छोट्या गाड्या निघू लागल्या: टोयोटा आयगो, प्यूजो 107 आणि सित्रोएन सी1. चेहरे वेगळे, आतला सांगाडा तोच. एक लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही तिघींत टोयोटाचंच.

क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्सही सामायिक. म्हणजे मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं काम यंत्राकडे; आपल्याकडे एएमटी म्हणतात तो प्रकार. नावं मात्र तीन: मल्टीमोड, 2-ट्रॉनिक, सेन्सोड्राइव्ह!

एवढा खटाटोप कशाला? स्वस्त गाडीत नफा तुटपुंजा. टोयोटा आणि प्यूजो-सित्रोएनने नव्या प्लॅटफॉर्मचा खर्च वाटून घेतला, वर्षाला 3 लाख गाड्यांची क्षमता उभी केली, तेव्हा कुठे गणित जमलं.

पण वाटणी फक्त खर्चाची होत नाही. जानेवारी 2010 मध्ये ॲक्सिलरेटर पेडल अडकण्याच्या दोषामुळे टोयोटाने युरोपात गाड्या परत बोलावल्या, आणि प्यूजो-सित्रोएनलाही कोलीनच्या गाड्या बोलवाव्या लागल्या.

कोडिंगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: लायब्ररी एक, तर बगही सगळ्यांचा. म्हणून गाडी घेताना लोगो बघाच, पण आतलं काय कोणाचं आहे, तेही विचारा.