अक्षरांचे बंधन आणि मोरोपंत

इंग्रजी जाणणाऱ्या मंडळींचा एक खेळ पुष्कळांस ठाऊक असेल. चारसहा अक्षरे नेमून द्यावयाची आणि ती सर्व ज्यात येतात असा लांबात लांब शब्द शोधावयास सांगावयाचे. ‘फॅसिशस’ व ‘अ‍ॅबस्टीमियस’ या दोन शब्दांच्या लेखनात त्या भाषेचे पाचही स्वर वर्णमालेच्या क्रमाने व एकेकदाच येतात, याचे त्या लोकांना मोठे कौतुक. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात डिसेंबर १९१३ मध्ये आर्थर विन याने पहिले शब्दकोडे छापले, तेव्हापासून या छंदाला बहर आला. १९३९ मध्ये अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या लेखकाने ‘ई’ हे अक्षर टाळून पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी लिहिली.

हे वाचून आपल्याकडील विद्वान थक्क होतात. पण त्यांतील कित्येकांना बारामतीच्या मोरोपंतांचे स्मरण होत नाही, याचे मात्र नवल वाटते.

मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळगडावर जन्मले व १७९४ साली बारामतीस निवर्तले. त्यांनी रचलेली एकशे आठ रामायणे प्रसिद्धच आहेत. कथा एकच, पण दर वेळी रचनेचे बंधन निराळे. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ जुळल्यावाचून ज्यांचा उच्चार होत नाही ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य आहेत. आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. ‘म’ गेला की ‘राम’ गेला! रामकथा सांगावयाची आणि रामाचे नाव मुखातून काढावयाचे नाही, अशी ही अट. लक्ष्मण गेला, भरत गेला, सुमित्रा गेली, बिभीषण आणि कुंभकर्ण गेले. सीता, जानकी, दशरथ, रावण, लंका एवढे उरले. हनुमान आणि मारुती ही दोन्ही नावे बाद झाली, तरी ‘आंजनेय’ हाताशी आहे. विश्वामित्र नको असेल तर ‘कौशिक’ आहे, ‘गाधिज’ आहे. (कडक व्याकरणकार उ, ऊ आणि ओ, औ यांनाही ओष्ठांचा संबंध लावतात. त्यांच्या न्यायाने कौसल्या व कौशिक यांचीही धडगत नाही.) कवीच्या शब्दभांडाराची परीक्षा येथे होते. ज्याच्यापाशी एका देवाला एकच नाव आहे, त्याने या वाटेला जाऊच नये.

ही युक्ती पंतांच्या पूर्वीचीही आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली हकीकत सांगताना ओष्ठ्य वर्ण टाळतो, कारण प्रियेच्या दंतव्रणाने त्याचा ओठ दुखावला आहे. तेथे बंधनाला शृंगाराचे निमित्त आहे. पंतांजवळ तसले निमित्त नव्हते.

‘मंत्ररामायणा’ची तऱ्हा याच्या उलट. तेथे अक्षरे टाळावयाची नसून गुंफावयाची आहेत. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे पंतांनी काव्यात ओवली. तेरा अक्षरे म्हटली तरी निरनिराळी पाचच: श्री, रा, म, ज, य. इंग्रज कोडेबाजाचा प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा तर ही पाच अक्षरे क्रमाने येतील असा शब्द कोणता? ‘श्रीरामजयजयकार’ हा शब्द त्या कसोटीस उतरतो. वाल्मीकिरामायणाविषयीही अशीच श्रद्धा आहे: चोवीस हजार श्लोकांत प्रत्येक सहस्राच्या आरंभी गायत्रीचे एकेक अक्षर बसविलेले आहे, असे परंपरा मानते.

लांब शब्दांची गोष्ट मात्र आपल्याकडे निरर्थक ठरते. समासाला सीमा नाही. विजयनगरच्या अच्युतरायाच्या काळातील तिरुमलांबा या कवयित्रीच्या ‘वरदांबिकापरिणयचंपू’त १९५ अक्षरांचा एकच शब्द आहे. त्यावर कोणी आणखी एक पद जोडले, तर कोणत्या कोशाची हरकत असणार?

अक्षर स्वेच्छेने सोडणे ही एक गोष्ट. ते हातचे जाणे ही दुसरी. नागपूरच्या उत्तरेस सौसर व पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख आहे. भोसल्यांच्या राज्यात त्याचा अंतर्भाव होता. ते राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह हा भाग मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. लिपी दोन्हीकडे देवनागरीच. यामुळे बाहेरच्यास वाटते की येथे भाषेचे काही बिघडण्यासारखे नाही. परंतु हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हे अक्षर आहे. मराठीत ते पावलोपावली भेटते आणि आमच्या कोंकणी वाचकांचेही त्यावाचून चालत नाही. पण सौसरजवळच्या ज्या क्षेत्री निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास आपण जातो, ते ‘जामसावळी’ हिंदीत ‘जामसांवली’ होते. फळाचा ‘फल’ होतो, कमळाचे ‘कमल’ होते. तेथे निदान संस्कृतचा आधार तरी आहे. सावळीला तोही नाही.

पंतांनी पाच अक्षरे सोडली, पण ती एका काव्यापुरती. निरोष्ठ रामायण संपवून ते पुन्हा ‘राम’ लिहावयास मोकळे होते. इकडे पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. आदल्या दिवशी घरी बैलांना ओवाळणाऱ्या आजीच्या तोंडी ‘पोळा’ असतो. नातू हिंदी शाळेच्या निबंधात ‘पोला’ लिहितो.