रेल्वे कामगारांची कामावरची बोली : श्रमाच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. तेव्हापासूनचा भारतीय रेल्वेचा इतिहास बहुतांशी कंपन्या, भांडवल, अभियंते आणि पूल-बोगदे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ज्यांनी रूळ अंथरले, भट्टीत कोळसा टाकला आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन मार्ग तपासला, त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेले साहित्य अत्यंत अल्प आहे. मात्र कामाच्या ओघात त्यांच्या तोंडी रुळलेले शब्द मागे राहिले आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील रेल्वेच्या संदर्भात अशा काही निवडक शब्दांचा विचार केला असून, ते श्रमाच्या इतिहासाचे साधन कसे ठरतात हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

जहाजावरून रुळांवर :

रेल्वे ही नवी असली तरी तिच्या मजुरांची नावे जुनीच होती. अवजड सामान उचलणारा, रुळांवरून घसरलेला डबा पुन्हा जागेवर आणणारा कामगार ‘खलाशी’ म्हणून ओळखला जाई. हा शब्द मुळात जहाजावरील माणसाचा. दोरखंड, कप्पी आणि तरफ यांच्या साहाय्याने ओझे हलविण्याचे कसब दर्यावर्दी लोकांकडे पूर्वापार होते. त्यामुळे कसबाबरोबर त्याचे नावही बंदरावरून कारखान्यात आले. खलाशांच्या टोळीवरील प्रमुखास ‘टिंडल’ म्हणत. कोकण किनाऱ्यावर नावेच्या प्रमुखाला ‘तांडेल’ म्हणतात, तो याच शब्दाचा सोयरा होय. ‘मुकादम’ आणि ‘जमादार’ हे शब्द अनुक्रमे अरबी व फारसी वळणाचे असून ते लष्कर व महसूल या व्यवहारांतून पूर्वीच परिचित झालेले होते.

या शब्दांवरून मजूर कसे जमविले जात याची कल्पना येते. भोर घाटाच्या कामास १८५६ मध्ये प्रारंभ झाला व तो मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. १८६१ च्या सुमारास तेथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. एवढ्या मोठ्या समुदायाशी अभियंत्यांचा थेट संबंध येणे शक्य नव्हते. मधला दुवा मुकादमाचा होता. मजूर आणणे, त्यांना कामास लावणे आणि त्यांच्या मजुरीचा व्यवहार पाहणे ही कामे त्याच्याकडे असत. म्हणूनच यंत्राचे भाग व वरिष्ठांची पदे इंग्रजीत राहिली आणि माणसांच्या टोळीची भाषा देशी राहिली.

हाताच्या कामाची नावे :

कामगारांनी स्वतः रूढ केलेल्या शब्दांत एक समान धागा आढळतो. तो म्हणजे ही नावे वस्तूच्या तांत्रिक व्याख्येवरून न पडता तिच्याशी हाताचा, डोळ्यांचा किंवा कानांचा जो संबंध येतो त्यावरून पडलेली आहेत. वाफेच्या इंजिनावर भट्टीशी झुंजणारा ‘आगवाला’ झाला. हा शब्द इतका रुळला की तो पदनाम म्हणून रेल्वेच्या दप्तरातही शिरला. एकेरी मार्गावर चालकाला पुढील स्थानकापर्यंत जाण्याचा अधिकार देणारा धातूचा चेंडू ‘गोळा’ झाला. यंत्रातून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. त्यामुळे ‘गोळा मिळाला’ या दोन शब्दांत समोरून दुसरी गाडी येणार नाही, ही हमी सामावलेली असे.

रुळांना जखडून ठेवणाऱ्या पाचरीला ‘चाबी’ म्हणत आणि रोज ठरलेल्या टप्प्यात पायी फिरून ती हातोडीने ठोकून बसविणारा तो ‘चाबीवाला’. पुढे अनेक ठिकाणी पाचरीच्या जागी पोलादी क्लिपा आल्या, परंतु नाव टिकले. मार्गात धोका आढळल्यास त्याला जे स्फोटक रुळावर बसवावे लागते, त्याचे बोलीतील नाव ‘फटाका’. रुंदमापी मार्गावर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके ठेवण्याचा नियम आहे. समोरून गाडी येत असताना हे अंतर धावत गाठावयाचे असते. अशा क्षणी लांबलचक पारिभाषिक संज्ञा निरुपयोगी ठरते. विविध प्रांतांतून आलेल्या टोळीला एकाच हाकेत समजेल असा शब्द हवा असतो, आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

विनोदबुद्धीचा अंशही या बोलीत आहे. १९२८ पासून घाटमार्गासाठी आणलेल्या विद्युत मालगाडी इंजिनांचे सोंड पुढे आलेले सांधेदार रूप पाहून स्वित्झर्लंडमध्ये तशा इंजिनांना ‘मगर’ म्हणत. इकडच्या कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. त्यांपैकी एक इंजिन मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जतन केलेले आहे.

वेळेचे शब्द :

गाडीवरील कर्मचाऱ्यांच्या बोलीत वेळेशी निगडित शब्द विशेष आढळतात. ‘कॉल बॉय’ हा कर्मचाऱ्याच्या दारी जाऊन त्याला उठवी व ‘कॉल बुका’त सही घेई. सही झाली की झोप संपली. ‘लाइन बॉक्स’ म्हणजे प्रवासात बरोबर न्यावयाची सामानाची पेटी. ड्यूटी केव्हा संपेल याचा मात्र भरवसा नसे. लोको कर्मचाऱ्यांच्या १९७३ च्या आंदोलनातील प्रमुख मागणी दहा तासांच्या ड्यूटीची होती. ८ मे १९७४ रोजी सुरू होऊन २० दिवस चाललेल्या देशव्यापी संपामागेही कामाच्या तासांचा प्रश्न होता.

याच संदर्भात ‘ई.आय.’ ही दोन अक्षरे लक्षणीय आहेत. ज्या कामात निम्मा वा त्याहून अधिक वेळ निष्क्रियतेचा मानला जातो, त्या वर्गाचे हे संक्षिप्त नाव. १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार सलग कामाच्या वर्गाला आठवड्यास सरासरी ५४ तासांची मर्यादा आहे, तर ‘ई.आय.’ वर्गाला ७५ तासांची. कमी वर्दळीच्या फाटकावरील कर्मचारी दोन गाड्यांच्या मधल्या काळात जागाच असतो. नियमाच्या भाषेत तो काळ निष्क्रियतेचा ठरतो. कार्यालयीन शब्द आणि प्रत्यक्ष श्रम यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

समारोप :

अलीकडच्या काळात पदनामे बदलली. ड्रायव्हर ‘लोको पायलट’ झाला, गँगमनची ओळख ‘ट्रॅकमन’ व नंतर ‘ट्रॅक मेंटेनर’ अशी झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये गार्ड ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. नव्या नावांनी पदाला प्रतिष्ठा मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांतून कामाचे स्वरूप मात्र दिसत नाही. ‘आगवाला’ म्हणताच भट्टीची धग जाणवते, ‘चाबीवाला’ म्हणताच रुळांवरची पायपीट डोळ्यांपुढे येते. ‘लाइन क्लिअर’, ‘सांधे बदलणे’, ‘मेगाब्लॉक’ हे शब्द मराठीच्या नित्य व्यवहारात सामावले गेल्याने ते टिकतील. जे शब्द कारखाना, यार्ड आणि टोळी यांच्या बाहेर कधी पडलेच नाहीत, ते मात्र ते काम करणाऱ्या पिढीबरोबर लोप पावत आहेत. निवृत्त कामगार हयात आहेत तोवर या शब्दांचा संग्रह त्यांच्या अर्थासह व्हावयास हवा. इमारती व इंजिने यांच्याइतकाच हाही रेल्वेचा वारसा आहे.