तबकडीत न सापडणारे भास्करबुवा

भास्करबुवा बखले यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याजवळ नाही. त्यांच्याच काळातले अब्दुल करीम खाँ आपल्याला ऐकता येतात, रहिमत खाँ ऐकता येतात, बुवा नाहीत. ज्यांना लोकांनी ‘देवगंधर्व’ म्हटले, त्यांचा आवाज कसा होता हे सांगू शकणारे आता कोणी उरलेले नाही. मग बुवांचे म्हणून आपल्याकडे काय राहिले?

बुवांचा जन्म १८६९ सालचा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा. गळा गोड म्हणून लहानपणीच ते अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत गेले आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयी झाले. पण वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमीवरचे स्थान गेले. हा घाव बसला नसता तर आपल्याला एक चांगला गायकनट मिळाला असता, एवढेच. आता खरी तालीम सुरू झाली. इंदूरला बंदे अली खाँ या थोर बीनकारांचा सहवास लाभला. पुढे बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी, नथ्थन खाँ यांच्याकडून आग्र्याची लयकारी; आणि स्वतःचे नाव झाल्यावरही अल्लादिया खाँ यांच्यापुढे बुवा शिष्य म्हणून बसले. घराण्याच्या भिंती उंच असण्याचा तो काळ. एका गळ्यात तीन घराणी नांदवणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

या साऱ्या विद्येचे संगीतकार म्हणून बुवांनी काय केले, ते ‘स्वयंवर’ नाटकात दिसते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. रुक्मिणी होते बालगंधर्व, बुवांचे शिष्य. त्याआधीच्या ‘सौभद्रा’त साकी, दिंडी, लावणीच्या चाली भरपूर होत्या. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरब बाजाच्या ठुमरीचा रंग आणला. बुवांनी थेट ख्यालाच्या बंदिशींनाच हात घातला. यमन, भीमपलास, बिहाग हे मैफलीतले राग रुक्मिणीच्या तोंडी आले, तेही राग म्हणून, नुसता सुरांचा वास म्हणून नव्हे.

यावर कोणी म्हणेल, बंदिशी तर आधीच्याच होत्या. मग बुवांनी रचले काय? प्रश्न रास्त आहे, पण आपल्या संगीतात ‘चाल देणे’ म्हणजे काय हे तो विसरतो. ब्रज भाषेतल्या चिजेत शब्द मोजके आणि मऊ. खाडिलकरांची भाषा संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली. समेवर कोणता शब्द पडला म्हणजे अर्थ दुखावणार नाही, अंतरा कुठे उघडला म्हणजे रुक्मिणीचा धीटपणा ऐकू येईल, तानेला जागा कुठे ठेवायची आणि संवाद पुढे सरकायचा असेल तिथे कुठे आवरायचे, हे सगळे ठरवावे लागते. शिवाय समोर पिटातला प्रेक्षक. त्याला रागाचे नाव ठाऊक नसणार, तरी राग पोचला पाहिजे. माझ्या मते ही निवड आणि ही बसवणूक हीच बुवांची रचना. ती इतकी चपखल बसली, की ज्यांनी आयुष्यात कधी मैफल ऐकली नव्हती त्यांच्याही कानांवर यमन बसला. (ही पदे तासन्तास रंगवण्याचे श्रेय, आणि दोषही, बालगंधर्वांचा. त्यासाठी बुवांना जबाबदार धरू नये!)

बुवांनी १९११ साली पुण्यात काढलेला भारत गायन समाज हे त्यांचे दुसरे काम. विद्या घराच्या चार भिंतींत मिळवायला काय कष्ट पडतात, हे त्यांनी स्वतः भोगले होते. सामान्य घरांतल्या मुलामुलींना शिकता यावे म्हणून ही संस्था. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर आणि पंजाबचे दिलीपचंद्र बेदी हे बुवांचेच शिष्य. त्यांपैकी कृष्णरावांनी ‘रागसंग्रहा’च्या भागांतून कितीतरी चिजा स्वरलिपीत उतरवून ठेवल्या.

१९२० साली ‘द्रौपदी’च्या चाली दिल्या आणि दोनच वर्षांनी, ८ एप्रिल १९२२ रोजी, बुवा गेले. वय अवघे बावन्न.

बालगंधर्वांच्या ‘स्वयंवर’च्या तबकड्या मात्र आहेत. जेमतेम तीन मिनिटांच्या, खरखरीच्या. त्या लावाल तेव्हा गोडव्याकडे क्षणभर दुर्लक्ष करा आणि फक्त मुखडा समेवर कसा येतो ते ऐका. ती जागा शिकवलेली आहे, आणि शिकवणारे बुवा आहेत.