ठोंब फोडणे : एका साध्या बागकामाचा लांबचा इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की चौदा-पंधरा किलोमीटरवर चितेगाव येते. रस्त्याच्या कडेला कारखाने, त्यामागे काळी जमीन आणि जुन्या घरांच्या न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे कर्दळीचा एखादा दाट ठोंब. मराठवाड्यातील कोणत्याही गावात आढळणारे हे दृश्य. आजचा धागा या ठोंबाविषयी, आणि तो फोडून दुसरीकडे लावणाऱ्या हातांविषयी आहे.

२/ प्रथम शब्द पाहू. मराठीत या कामाची परिभाषा पिकागणिक बदलते. केळीचे मुनवे काढतात, शेवंतीच्या काश्या लावतात, हळदीचे जेठे गड्डे बेण्यासाठी राखतात, निशिगंधाचे कंद सोडवतात, कर्दळीचा वा गवती चहाचा ठोंब फोडतात. एका क्रियेसाठी इतके नेमके शब्द घडतात, तेव्हा ती क्रिया समाजाच्या हाताखाली पिढ्यान् पिढ्या असते. भाषा हा येथे पहिला पुरावा आहे.

३/ ठोंब फोडावा का लागतो? बहुवर्षायू फुलझाडाचा कंद किंवा गड्डा दरवर्षी बाजूला नवी पिले देतो. तीन-चार वर्षांत मधला भाग जून होतो, मुळांची दाटी होते, माती निकस होते. फुले आकाराने आणि संख्येने घटतात. पुष्कळदा ठोंबाचा मध्य मरतो आणि कडा तेवढी जिवंत राहते. निशिगंधाचे तर असे, की एक कंद एकदाच फुलतो. पुढचा फुलोरा त्याच्या पिल्लांचा असतो. पिले वेगळी केली नाहीत तर ती एकमेकांना उपाशी ठेवतात.

४/ आता इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. बियांपासून उगवलेले रोप हे अपत्य असते. त्यात आई-बापांच्या गुणांची नवी सरमिसळ असते. ठोंब फोडून लावलेला तुकडा मात्र अपत्य नव्हे. तो मूळ झाडच असतो, फक्त दुसऱ्या जागी. म्हणून तुमच्या अंगणातील निशिगंधाचा कंद हा कोणे एके काळी कुणीतरी लावलेल्या एका झाडाचा, न तुटता चालत आलेला देह आहे. तुकड्यामागे तुकडा लावत गेलो तर ही साखळी शतकांमागे पोहोचते.

५/ भारतात या तंत्राचा लिखित पुरावा कुठे सापडतो? कौटिल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्थशास्त्रात. या ग्रंथाचे संस्कृत हस्तलिखित आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील सीताध्यक्ष, म्हणजे शेतीचा प्रमुख अधिकारी, याच्या प्रकरणात बेण्यावरील उपचार दिले आहेत. उसासारख्या कांड्यांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप आणि डुकराची चरबी शेणात कालवून लावावी. कंदांना मध आणि तूप लावावे, असे तेथे सांगितले आहे.

६/ या सूचनेतील शास्त्र लक्षात घ्या. कापलेली जागा ही जखम असते. तिच्यातून ओल निघून जाते आणि बुरशी आत शिरते. ती जागा झाकली पाहिजे, हे त्या लेखकाला ठाऊक होते. आजचा माळी तेथे चुलीतील राख लावतो, शेतकरी बुरशीनाशकाच्या द्रावणात कंद बुडवतो. द्रव्य बदलले, पण जखमेची चिंता तीच राहिली. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही फांदीपासून लावता येणाऱ्या झाडांची यादी आहे, तिच्यात केळ आणि डाळिंब आहेत, आणि तिथेही शेणाचा लेप आहेच.

७/ राजेही या कामात रस घेत. बाबराने १५०८-०९ च्या सुमारास आजच्या अफगाणिस्तानात बाग-ए-वफा ही बाग घातली. पुढे लाहोर आणि दिपालपूर जिंकल्यावर तेथून केळी आणवून या बागेत लावल्या आणि त्या उत्तम वाढल्या, असे तो आपल्या आत्मचरित्रात समाधानाने नोंदवतो. लागवडीतील केळीला रुजणारे बी नसते. म्हणजे त्या मोहिमेच्या सामानात मुळासकट काढलेले मुनवे होते, हे उघड आहे.

८/ आता एक सापळा, ज्यात अनेक हौशी अभ्यासक अडकतात. ‘निशिगंध’ हा शुद्ध संस्कृत शब्द. म्हणून हे फूल प्राचीन भारतीय असणार, असा समज होतो. ‘गुलछडी’ या नावातला ‘गुल’ फारसी. म्हणून ते इराणातून आले असणार, असा दुसरा समज. दोन्ही चूक. ही दोन्ही नावे वर्णनपर आहेत. एक रात्रीच्या सुगंधाचे वर्णन करते, दुसरे छडीसारख्या दांड्याचे. फुलाचे मूळ गाव दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

९/ निशिगंधाचे मूळ गाव मेक्सिको. नाव्हात्ल भाषेत त्याला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत, अर्थात ‘हाडफूल’. पाकळ्यांच्या मेणचट पांढऱ्या रंगावरून. स्पॅनिश आक्रमणाच्या कितीतरी आधीपासून तेथील लोक ते लावत होते. इतके दीर्घकाळ, की आज हे फूल रानात आढळत नाही. ते केवळ माणसाच्या लागवडीत उरले आहे. दुसऱ्या शब्दांत, कुणीतरी दरवेळी कंद सोडवून पुन्हा लावत राहिले म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले.

१०/ सोळाव्या शतकात ते युरोपात पोहोचले. वनस्पतिज्ञ कारोलुस क्लुसियस याने १६०१ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. इंग्रजीतील ‘ट्यूबरोज’ या नावाचा गुलाबाशी काहीही संबंध नाही. लॅटिन ‘ट्यूबरोसा’, म्हणजे फुगीर गड्ड्याची, या विशेषणाचा तो अपभ्रंश आहे. लिनियसने १७५३ मध्ये ‘पोलिआन्थेस ट्यूबरोसा’ हे नाव दिले. अलीकडे त्याचा समावेश घायपाताच्या, म्हणजे अगेव्हच्या, वंशात करण्यात आला आहे. आपल्या बांधावरचे घायपात आणि गजऱ्यातला निशिगंध हे असे भाऊबंद निघाले.

११/ अमेरिकेतील असंख्य वनस्पतींपैकी कंदवाल्या वनस्पती इतक्या लवकर जगभर का पसरल्या? जहाजाच्या प्रवासात कोवळे रोप खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याच्या टंचाईने मरे. या अडचणीवर उत्तर सापडले ते एकोणिसाव्या शतकात: लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने बंदिस्त काचपेटीत रोपे ठेवून ती १८३३ मध्ये सिडनीला सुखरूप पाठवली. कंदाला मात्र काचपेटी लागत नाही. पाने वाळली की तो झोपतो आणि कोरड्या पिशवीत कित्येक आठवडे पडून राहतो. काचपेटीच्या आधीची दोन-तीन शतके ही कंद, गड्डे आणि बिया यांची होती.

१२/ चितेगावच्या न्हाणीजवळची कर्दळही अशीच परदेशी. तिचे शास्त्रीय नाव ‘कॅना इंडिका’. त्यातील ‘इंडिका’ आपल्याला फसवते, कारण त्या काळी युरोपीय लोक अमेरिकेच्या बेटांनाही ‘इंडीज’च म्हणत. कर्दळ मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. मग मराठी नाव? ‘कदली’, ‘कर्दळी’ म्हणजे केळ. कर्दळीवन म्हणजे केळीचे वन. नव्या झाडाची पाने केळीसारखी दिसली आणि लोकांनी जुन्या ओळखीचे नाव त्याला दिले. आगंतुकाला घरच्या नावाने हाक मारण्याची ही रीत भाषेच्या इतिहासात सर्वत्र दिसते.

१३/ बागांतील मोठ्या, रंगीत फुलांची कर्दळ मात्र संकरित आहे. दक्षिण अमेरिकेत फ्रान्सचा वाणिज्यदूत राहिलेला तेओदोर आने १८४० च्या दशकात पॅरिसजवळ स्थायिक झाला आणि त्याने कर्दळीचे संकर सुरू केले. संकरित झाडाचे बी पेरले तर रोप आईसारखे निघेलच असे नाही. तोच रंग आणि तीच उंची हवी असेल तर गड्डा फोडण्यावाचून मार्ग नाही. म्हणजे जितकी नवी जात, तितकी ती माणसाच्या हातावर अधिक अवलंबून.

१४/ या अवलंबनाने एकदा बाजारही हादरवला. हॉलंडमध्ये १६३० च्या दशकात ट्यूलिपच्या रेघाळ फुलांना वेड्या किमती आल्या आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये त्या कोसळल्या. ही कथा बहुतेकांनी ऐकली असेल. पण किमती इतक्या चढल्या का? बियांपासून फूल यायला कित्येक वर्षे लागत आणि त्यात तीच रेघ उतरत नसे. कंदाला वर्षाला जेमतेम दोन-तीन पिले येत. मागणी महिन्यांत वाढत होती, पुरवठा मात्र कंदाच्या वेगाने. सारा देश बुडाला ही दंतकथा आहे. इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी २००७ च्या ग्रंथात मूळ कागदपत्रे तपासून ती खोडून काढली.

१५/ त्या रेघांचे रहस्य १९२८ मध्ये इंग्लंडच्या डोरोथी केली यांनी प्रयोगाने उलगडले: तो कंदातून कंदात संक्रमित होणारा रोग होता, पुढे विषाणू म्हणून ओळखला गेलेला. ज्या सौंदर्यासाठी लोक घर गहाण ठेवत, ते आजाराचे लक्षण होते आणि दर पिढीत कंद अशक्त होत गेले. येथे तंत्राची दुसरी बाजू दिसते. ठोंब फोडताना आपण गुण पुढे देतो तसा रोगही पुढे देतो. म्हणून जाणता माळी वाटण्यासाठी नेहमी सर्वांत निरोगी ठोंब निवडतो.

१६/ साखळी किती बारीक असू शकते, याचे उदाहरण शेवंतीचे. चीनमध्ये शतकानुशतके जोपासलेली शेवंती १७८९ मध्ये मार्सेचा व्यापारी पियेर ब्लाँकार याने फ्रान्सला आणली. तीन प्रकार निघाले, त्यांतला एकच जगला. त्या एका जांभळ्या शेवंतीच्या काश्या पुढच्या वर्षी इंग्लंडच्या क्यू उद्यानापर्यंत गेल्या. उरलेल्या दोन प्रकारांना दुसरा ठोंब नव्हता. ते तिथेच संपले.

१७/ महाराष्ट्राशी जोडलेले एक नाव येथे अनपेक्षितपणे येते. विल्यम केरी. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांना आपण १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश यांसाठी ओळखतो. याच केरींनी १८२० मध्ये कलकत्त्यात शेती आणि उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. श्रीरामपूरच्या त्यांच्या बागेत इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतील माती झटकली असता डेझीचे रोप उगवले. मायदेशी ती बहुवर्षायू. बंगालच्या उन्हाळ्यात मात्र टिकेना. केरींना ती दरवर्षी बियांपासून नव्याने वाढवावी लागली. ठोंब होण्यासाठी हवामानाची संमती लागते, हे त्यांना बागेने शिकवले.

१८/ आता पुन्हा पैठणच्या रस्त्यावर येऊ. चितेगावचा तालुका पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीत मालती आहे, कमळ आहे, आंब्याचा मोहोर आहे. निशिगंध आणि कर्दळ तेथे असणे शक्यच नव्हते. त्यांच्या आणि गोदावरीच्या मध्ये अजून दोन महासागर होते. आज त्याच पैठणला, १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. प्राचीन नगरीतील नवी बाग पाहताना कोणते झाड कोणत्या काळातून आले, हा प्रश्न मनाशी ठेवा. फिरण्याला वेगळा अर्थ येतो.

१९/ ज्यांना हा इतिहास हाताने अनुभवायचा आहे त्यांच्यासाठी. मराठवाड्यात कर्दळ आणि सोनटक्का मृगाचा पहिला पाऊस मुरल्यावर फोडावा, वैशाखात नव्हे. निशिगंधाची पाने हिवाळ्याअखेर पिवळी पडली की पाणी तोडावे, कंद काढून सावलीत सुकवावे आणि उन्हाळ्यात पाण्याची सोय पाहून लावावे. शेवंतीचा बहर संपला की झाड जमिनीलगत छाटावे. बुडाशी येणाऱ्या मुळासकट काश्या काढाव्या. काळ्या जमिनीत पाणी साचते आणि कंद सडतात, म्हणून वरंब्यावर लागवड करावी. मधला जून भाग टाकून द्यावा, कडेचे जोमदार तुकडे ठेवावे.

२०/ आणि एक विनंती. पैठण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे प्लॉट पडत आहेत, अंगणांवर फरशी येत आहे. जुने घर पाडताना कागदपत्रे, तांब्या-पितळेची भांडी, फोटो आपण बाजूला काढतो. न्हाणीजवळचा ठोंब जेसीबीच्या दातात जातो. बियांचे रोप पुन्हा मिळू शकेल. पण बी न धरणारी दुहेरी निशिगंधाची एखादी जुनी ओळ, आजीने माहेराहून आणलेली शेवंती, ही गेली की तिची शेवटची प्रत गेली.

२१/ म्हणून घर पाडण्याआधी कुदळ घ्या. ठोंबाचे तीन भाग करा: एक स्वतःसाठी, एक शेजाऱ्यासाठी, एक नातेवाइकांकडे दूर गावी. तीन ठिकाणी असलेले झाड सहसा नाहीसे होत नाही. ब्लाँकारच्या शेवंतीचा धडा तोच आहे. सोबत एका वहीत लिहा: झाडाचे घरचे नाव, ते कुणी, कुठून आणि अंदाजे कोणत्या वर्षी आणले, पुढे कुणाला दिले. आजी-आजोबांना विचारल्यावर या चार ओळी मिळतात. काही वर्षांनी त्या कुणाकडूनच मिळणार नाहीत.

२२/ अभिलेखागारातील दप्तर टिकवण्यासाठी त्याची नक्कल करून दुसरीकडे ठेवतात. ठोंब फोडणारा माणूस नेमके हेच करत आला आहे, मेक्सिकोच्या खेड्यांत, बाबराच्या बागेत आणि चितेगावच्या अंगणात. तुमच्या घरी असे जुने झाड असेल तर त्याचे नाव आणि त्याचा प्रवास या धाग्याखाली जरूर लिहा. काही चुकले असल्यास दुरुस्तीही सुचवा. धागा समाप्त.