मथळ्यांची मौज आणि मोल

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी रद्दीत होते आणि कालांतराने वाण्याच्या दुकानातून जिरे-मोहरीची पुडी होऊन ते पुन्हा आपल्याच घरी येते. मात्र एखादा मथळा या फेऱ्यातून सुटतो. बातमी विस्मरणात जाते, संपादक काळाच्या पडद्याआड जातो, आणि ठळक टायपातली ती एकच ओळ पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहते. कधी अभिमानाने, तर कधी हसू आणीत.

अमेरिकेतील एक मासला जगप्रसिद्ध आहे. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रूमन यांचा पराभव केल्याचे पहिल्या पानावर जाहीर करून टाकले. जुळाऱ्यांचा संप चालू असल्याने अंक नेहमीपेक्षा लवकर छापावयास घ्यावा लागत होता. मतमोजणी पुरी होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. निकाल लागला तो नेमका उलटा! विजयी ट्रूमन तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसत असल्याचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असते हे आपल्याला ठाऊक होते. ते पहिल्या पानावर छापता येते, हे शिकागोने दाखवून दिले.

आपल्याकडे मथळ्यांचा इतिहास याहून निराळा, आणि विनोद अधिक गंभीर. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी सभ्यपणे नांदत असे. मथळ्याने वाचकाची बाही धरून ओढण्याची चाल अजून पडावयाची होती. ती पाडली टिळकांच्या ‘केसरी’ने. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने साऱ्या शहरावरच डोळे वटारले. तेव्हा ६ जुलैच्या अंकात टिळकांनी विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ एखाद्या आजोबांनी उनाड नातवाबद्दल सुनेला विचारावे, तसा हा प्रश्न. फरक इतकाच की येथे नातू म्हणजे प्रत्यक्ष इंग्रज सरकार होते.

मौज पुढेच आहे. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण खटला भरला गेला तो या मथळ्यावर नव्हे, तर त्याआधीच्या, १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवाविषयीच्या मजकुरावर. डोके विचारणारा मथळा सहीसलामत सुटला! पुढे ४ जुलै १८९९ रोजी टिळकांनी पुन्हा लेखणी हाती घेतली ती ‘पुनश्च हरिः ॐ’ या मथळ्याखाली. तुरुंगातून आलेला मनुष्य जणू स्नानसंध्या उरकून नित्याच्या कामाला बसत होता.

१९०८ मध्ये हाच न्याय अधिक कठोरपणे प्रत्ययास आला. १२ मेच्या अंकातील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या अंकातील ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे मथळे पाहा. पहिला सुस्कारा टाकावा तसा, तर दुसरा गळक्या छपराविषयी गवंड्याने मत द्यावे तसा. पण या सौम्य ओळींखालील मजकुराने टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले. मथळा जितका शांत, तितकी शिक्षा मोठी, असे गणित मांडण्याचा मोह येथे होतो.

अंबत्तूरमध्ये बसून हा इतिहास वाचणाऱ्यांना त्यातील एक धागा विशेष जवळचा वाटावा. ‘केसरी’ १८८१ चा. त्याच्या पाठोपाठ १८८२ मध्ये मद्रासेत जी. सुब्रमण्य अय्यर यांनी ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ पत्र काढले. टिळकांना आदर्श मानणारे कवी सुब्रमण्य भारती ‘इंडिया’ साप्ताहिकातून लिहीत. ज्या १९०८ साली टिळक मंडालेला गेले आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही तुरुंगवास घडला, त्याच साली अटकेच्या छायेत भारतींना फ्रेंच अमलाखालील पुदुच्चेरी गाठावी लागली. भाषा दोन आणि लिप्याही दोन. सरकारचे भय मात्र एकच होते.

स्वातंत्र्यानंतर मथळ्याचा आवाज चढला. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले आणि संयुक्त महाराष्ट्राची तोफ रोज सकाळी घरोघर धडधडू लागली. अत्र्यांच्या हिशेबात कोणतीही गोष्ट ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ घडलेली नसे! या अतिशयोक्तीला महाराष्ट्र हसला. पण १ मे १९६० रोजी राज्य हाती आले, तेव्हा त्या हशामागे केवढी तळमळ होती हेही त्याला उमगले होते. पुढे १९६४ मध्ये नेहरू गेले, तेव्हा त्यांच्यावर आसूड ओढणाऱ्या याच लेखणीने ‘सूर्यास्त’ हा एका शब्दाचा मथळा दिला. दहा हजार वर्षांची भाषा करणाऱ्याला एक शब्द पुरला.

असो. इतरांच्या मथळ्यांना हसून झाल्यावर स्वतःकडे पाहणे प्राप्त आहे. १९६४ साली अंबत्तूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि येथे दूरदूरची माणसे पोटापाण्यासाठी येऊ लागली. अशा परगावच्या मराठी घरांची दखल पुण्या-मुंबईच्या पहिल्या पानांनी सहसा घेतली नाही. आपले मथळे आपणच लिहिले, आणि ते मंडळांच्या अहवालांत. तेथे गणेशोत्सव नेहमीच ‘मोठ्या उत्साहात’ साजरा होतो, हळदीकुंकू ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ पार पडते आणि अध्यक्षांचे भाषण ‘मार्मिक’च असते. नाटकाच्या दिवशी पावसाने वीज गेली का, तमिळ शाळेत शिकणाऱ्या मुलाला आरती कोणी पाठ करविली, हे मात्र कोठेच सापडत नाही. ‘ट्रिब्यून’ची घाई निदान दुसऱ्या दिवशी उघडी पडली, आपल्या गोडव्याची दुरुस्ती कोण करणार?

उद्या आपली नातवंडे हे अंक उघडतील. त्यांना मराठी अडखळत वाचता येईल, परंतु खरे आणि गुळगुळीत यांतील फरक नक्की कळेल. म्हणून सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या अहवालात उत्साह थोडा कमी आणि हकीकत थोडी अधिक असावी. त्यांनी आपल्याला अवश्य हसावे. पण हसण्याजोगे काही खरे आपण लिहून ठेवलेले असावे.