खोली मिळेल का?

बारावीचे निकाल लागले, प्रवेश झाले की कॉलेजच्या गावांतून एक शोध सुरू होतो. मुलगा, सोबत वडील नाही तर मामा आणि खिशात दोन-चार पत्ते. कॉट बेसिसवर जागा आहे का, डिपॉझिट किती, डबा कुठे मिळेल, असे प्रश्न ते दारोदार विचारत असतात. घरमालकाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो, 'नाव काय?' या एका प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॉलेजे मोजक्याच गावांत होती. गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत. सात दिवस सात घरे. ते जिणेही सोपे नव्हते. पण कुणब्याच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलाने कोणत्या घरी वार लावायचा? त्याची हुशारी गावच्या वेशीपाशीच थांबे. फी माफ झाली तरी रात्री पाठ टेकायला जागा नसे.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी नेमके हेच ओळखले. 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. पण काही वर्षांतच तिथे ब्राह्मण विद्यार्थीच तेवढे उरले. दार सर्वांना उघडे ठेवले म्हणून सर्वजण आत येतात असे नाही, हा त्यातला धडा. मग महाराजांनी दुसरी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आले आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणू लागले ते काही उगीच नव्हे.

जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या होतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्याला कुठेच दार नाही, त्याला आधी एक दार हवे असते. भिंती पाडण्याची गोष्ट त्यानंतरची.

ती गोष्टही याच परंपरेतून आली. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सगळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली, एका पंक्तीला जेवू लागली. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. रयतेच्या शिक्षणाच्या पायात हे सोने आहे.

आणि डॉ. आंबेडकर? परदेशात शिकून 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून आसरा घ्यावा लागला, तोही काही दिवसच. काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. एवढ्या पदव्याही एका खोलीचे दार उघडू शकल्या नाहीत. 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्यामागे असले अनुभव असणारच.

मी कॉलेजसाठी गाव सोडले तेव्हा हा इतिहास मला ठाऊक नव्हता. रिकामी असलेली खोली माझे नाव कळताच 'कालच गेली' असे व्हायची, एवढे ठाऊक होते. मराठी ऐकून घरमालक खूश होत, नाव ऐकून गप्प होत. शेवटी एका म्हातारीने विचारले, 'पोरा, जेवलास का?' नाव तिने दुसऱ्या दिवशी विचारले. तिच्या माडीवर मी वर्षभर राहिलो.

राजा, कर्मवीर, बाबासाहेब यांनी जे केले ते संस्था उभारून केले. ते प्रत्येकाला जमणारे नाही. पण आपल्या दाराशी उभ्या असलेल्या पोराला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे तर आपल्या हाती आहे. यंदाही एखादा येईल. आधी त्याला पाणी द्या. नाव काय, ते मागाहून कळेलच.