हडळ कोण होती?

रिलीजच्या रात्री बिल्ड अडकला की आमच्या टीममध्ये दोनच विषय निघतात, पगारवाढ आणि भुतं. पगारवाढीचा विषय दोन मिनिटांत संपतो. मग मालवणचा पोरगा देवचार काढतो, जबलपूरची पोरगी चुडैल काढते, आणि मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावचा म्हटल्यावर सगळे माझ्याकडे मोठ्या आशेनं बघतात. गावाच्या नावातच बाभूळ, म्हणजे स्टॉक भरपूर असणार!

तर गेल्या शनिवारी मी चक्क एक्सेलची शीट उघडली आणि ऐकलेली-वाचलेली मराठी भुतं भरायला बसलो. पहिला कॉलम नाव, दुसरा मुक्काम, तिसरा काय करतं. चौथा सहज टाकला, मरण्याआधी कोण होतं? आणि मंडळी, खरी गोष्ट या चौथ्या कॉलममध्ये निघाली.

मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. समंध म्हणजे संपत्तीत जीव अडकलेला, किंवा ज्याच्यामागे दिवस करायला कुणी उरलं नाही असा. लावसट विधवेचं भूत, जखीण सवाष्णीचं. हडळ आणि अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गावागणिक व्याख्या थोड्या इकडेतिकडे सरकतात, पण साचा तोच. वेताळ आणि म्हसोबा मी शीटमधून काढून टाकले, कारण ते भुतांचे मालक, त्यांना देवळं आहेत. उरलेल्यांत ऐंशी वर्षं जगून, नातवंडं खेळवून, झोपेत गेलेल्या आजोबांचं भूत एकही नाही. सगळी अकाली गेलेली, अर्धवट राहिलेली माणसं. आणि त्यात बायका किती, ते मोजायला सूत्र लावायचीही गरज पडली नाही.

लहानपणी आमच्या गावातही एक हडळ होती. नाल्याकाठच्या चिंचेवर. आजी रोज बजावायची, "रातच्यानं तिकडं जाऊ नोको बापा, हडळ हाये तिथं." चौथी-पाचवीत असताना मी एकदा विचारलं, ती तिथे आली कुठून? मला वाटलं आजी काहीतरी भयंकर सांगणार. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "येईन कुठून? आपल्याच भावकीतली व्हती. पयल्या बाळंतपणात गेली. तिले लेकरू पायजे रायते, मून फिरते." नावही सांगितलं. साठच्या दशकात कधीतरी गेलेली, जेमतेम सोळा-सतरा वर्षांची मुलगी. मग मला तिची भीती वाटेना, पण चिंचेकडे बघवेना. आता वाटतं की त्या मुलीची जगात उरलेली एकमेव नोंद म्हणजे ते भूत. फोटो नाही, कागद नाही.

अशा नोंदी पद्धतशीर गोळा करण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आणि त्याची कथा विलक्षण आहे. ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. शाळेत आपण त्याला एका वाक्यात शिकतो, २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. पण तो संस्कृतचा अभ्यासकही होता आणि त्यानं मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून भुतं, नजर, देवी, झाडं यांबद्दलच्या समजुती मागवल्या होत्या. (म्हणजे गुगल फॉर्मच!) तो गेल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनी ती टिपणं लावून गुजरातचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये छापला. आपला वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, त्यामुळे आपल्याकडच्या मास्तरांना ती प्रश्नावली काही आली नाही. पण कोकणातली हडळ आणि आमच्या नाल्यावरची हडळ सख्ख्या बहिणी वाटतात.

जॅक्सन त्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात नाटक बघायला गेला होता. नाटक होतं देवलांचं संगीत शारदा, म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं. हडळ कशी तयार होते, याचा पहिला अंकच म्हणा ना. मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ चा, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता! मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ करणारा सारडा कायदा १९२९ चा. बारा-चौदा वर्षांच्या शरीरावर बाळंतपण लादल्यावर काय होतं, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. कुठल्याही गावातल्या चिंचेला विचारलं तरी चालेल.

हे आपल्याकडेच आहे असं मात्र नाही. मेसोपोटेमियात लमाश्तू नावाची राक्षसीण होती. सिंहाचं तोंड, लांब नखं, गरोदर बायका आणि तान्ही बाळं हे तिचं लक्ष्य. तिला पळवायला पझुझू नावाच्या दुसऱ्या राक्षसाचा ताईत बांधत, म्हणजे काट्यानं काटा काढायचा प्रकार. मलय लोकांत पोन्तियानाक आहे, बाळंतपणाशीच जोडलेली. इंडोनेशियात बोर्निओ बेटावर याच नावाचं मोठं शहर आहे. १७७१ मध्ये ते वसवताना पहिल्या सुलतानानं तोफा डागून तिथली भुतं हाकलली अशी दंतकथा आहे. मेक्सिकोच्या अॅझ्टेक लोकांचा प्रकार मला सगळ्यात चटका लावून गेला. त्यांच्याकडे पहिल्या बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे रणात पडलेला योद्धा. ती सूर्याला माथ्यापासून मावळतीपर्यंत सोबत करते. एवढा मान! आणि तरीही ठरावीक दिवशी ती चौरस्त्यावर उतरून लेकरं पळवते, म्हणून त्या दिवशी मुलांना घरात ठेवायचं. मान दिला तरी भीती गेली नाही.

आता आमच्या विदर्भाकडे येतो, कारण पोळ्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. श्रावण अमावास्येला पोळा. त्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उचलून गावाबाहेर नेऊन टाकायच्या. नेताना ओरडायचं, खोकला, रोगराई, ढेकूण, डास, सगळं "घेऊन जा गे मारबत!" नागपुरात १८८० च्या दशकापासून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि शेवटी त्या बाया जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बाकाबाई असं काही जण सांगतात, काही जण म्हणतात पूतना. कृष्णाला विष पाजणारी.

पूतना आपल्याला गोष्टीतली माहीत असते. पण ती वैद्यकाच्या पुस्तकातही आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत, त्यात पूतना, अंधपूतना, शीतपूतना, रेवती, शकुनी अशी नावं येतात. पूतनेनं धरलेल्या बाळाची लक्षणं पाहा. अंग गळून जातं, ना दिवसा नीट झोप ना रात्री, पातळ आणि घाण वासाचे जुलाब, उलट्या, अंगावर काटा, आणि सारखी तहान. हे तर अतिसारानं शरीर कोरडं पडलेलं बाळ झालं! ज्यानं हे लिहिलं तो अशा बाळांच्या उशाशी रात्र-रात्र बसलेला असणार. लॉग अचूक, टाइमस्टँपसकट. रूट कॉज मात्र चुकलं. (फॉरवर्डवाल्यांना विनंती, याचा अर्थ "पूर्वजांना सगळं माहीत होतं" असा नाही. "पूर्वज मूर्ख होते" असाही नाही.) मीठ, साखर, पाणी हे उत्तर मोठ्या प्रमाणावर वापरलं जायला १९७१ साल उजाडलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमांमधून ते मिश्रण पाजलं आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणलं.

मारबतीची तारीखही बघा. श्रावण संपताना, म्हणजे पावसाचं पाणी विहिरीत-नाल्यात मुरल्यावर, जुलाब-तापाच्या ऐन हंगामात. आणि त्याच तिथीला पिठोरी अमावास्या! तिची कहाणी आठवते? सून दरवर्षी श्रावण अमावास्येलाच बाळंत होते, मूल दगावतं, आणि त्याच दिवशी घरातलं श्राद्ध बिघडतं. सातव्या वर्षी सासरा ते मेलेलं मूल तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून देतो. पुढे तिला झोटिंगाची बायको भेटते, चौसष्ट योगिनी भेटतात, सगळी मुलं जिवंत होतात. लहानपणी आम्हाला तो शेवट आवडायचा. आता मी सासऱ्यापाशीच अडकतो. सात मुलं गेली आणि घरानं काढलेला निष्कर्ष काय, तर सून अवलक्षणी. सुनेला आसरा देतात त्या भुतांच्या घरच्या बायका, आणि घालवून देतो घरचा कर्ता. व्हिलन कोण हे कहाणी रचणारीला (बाईच असणार!) पक्कं माहीत होतं.

तसंच सटवाईचं. जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री ती येते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. त्या रात्री बाळाला एकटं सोडायचं नाही. पण नेमकी सहावी रात्रच का? नाळ विळ्यानं कापायची, वर शेण किंवा राख लावायची, आणि त्यातून धनुर्वात झाला तर लक्षणं साधारण आठवड्याभरात दिसतात. बाळ दूध ओढेना, जबडा आवळला, शरीर धनुष्यासारखं ताठ. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावर याला आठ दिवसांचा आजार म्हणत आणि कित्येक पिढ्या बाळं अशी जात होती. देवाची इच्छा म्हणून लोक गप्प बसत. १८९० च्या सुमारास तिथल्या पाद्र्यानं सुईणीचं, स्वच्छतेचं शिक्षण घेतलं आणि आजार थांबला. षष्ठी ही फार जुनी देवी, तिचा उगम फक्त धनुर्वातात शोधणं भाबडेपणाचं होईल. पण ती रात्र इतकी घाबरवणारी का वाटली, याचं उत्तर मला इथं मिळतं. आणि जिच्या हातात लेकराचं नशीब, तिचंच नाव आपण बाईला द्यायची शिवी करून टाकलं, "सटवी". भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी.

भूत एकदा बाईचं झालं की जिवंत बाईलाही भूत ठरवणं फार सोपं जातं. मूल आजारी पडलं, म्हैस आटली, की गल्लीतली एकटी राहणारी म्हातारी करणी करते. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. मी त्याची अनुसूची वाचली, वाचाच तुम्हीही. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिला छळणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. देव मानू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, जरी टीव्हीवर तेव्हा तशी बोंब झाली होती.

पण कायद्यानं भूत पळत नाही, दाई पळवते असं माझं मत आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च'चं काम उभं केलं. दवाखान्याला नाव माँ दंतेश्वरीचं, लोकांनीच सुचवलेलं. पांढरे कपडे घातलेले डॉक्टर-नर्स बघून आदिवासी बिचकायचे, कारण पांढरं कापड ते मढ्यावर घालतात. ही अंधश्रद्धा आहे म्हणून त्यांनी लेक्चर दिलं नाही, दवाखानाच गावासारखा बांधला. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ च्या लॅन्सेटमध्ये आकडे आले, नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात घेतली गेली. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ होता, देशाचा ९७.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या असतात, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाभुळगावला चुलत बहिणीकडे त्या सातव्या दिवशी आल्या, तेव्हा आदल्या रात्रीचा सटवाईचा पाट अजून भिंतीशी उभा होता. त्यांनी बाळाला झोळीत घालून काटा बघितला, तापमान घेतलं, नाळ बघितली, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, दोन किलो सातशे. मग बहिणीला विचारलं, "तुले काही तरास, बाई? रक्त जास्त जाते का?"